मौजे अमडापूर : गाव कोण ठरवतो?

१/
२०११ च्या जनगणनेनुसार भारताची ३१.१६ टक्के लोकसंख्या शहरी आणि उरलेली ग्रामीण. हा आकडा भाषणांत, निबंधांत आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत इतक्या वेळा येतो, की तो पर्जन्यमानासारखा मोजलेला आहे असे वाटू लागते. प्रत्यक्षात माणसे मोजली गेली. ती राहतात त्या जागेला गाव म्हणायचे की शहर, हे मात्र आधीच ठरवले गेले होते. ते कोणी ठरवले, केव्हा ठरवले आणि त्याची किंमत कोण मोजते, याचा हा धागा. उदाहरण वऱ्हाडातले : जिल्हा बुलढाणा, तालुका चिखली, मौजे अमडापूर.

२/
चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे मोठे गाव. टेकडीवर बल्लाळ देवीचे मंदिर, खाली दाट गावठाण, रस्त्यालगत दुकानांची रांग. गावात पोलीस ठाणे आहे आणि त्याची हद्द आसपासच्या अनेक गावांवर पसरलेली आहे. भोवतालच्या खेड्यांतला शेतकरी इथे येतो तो बाजाराला, कामाला, औषधाला. "खेड्यावर चाललो" असे म्हणून अमडापूरला निघालेला माणूस त्या परिसरात सापडणार नाही. शासनाच्या दप्तरी मात्र अमडापूर म्हणजे खेडेच. कारभार ग्रामपंचायतीचा, सातबाऱ्यावर "मौजे".

३/
हा "मौजे" शब्दच साक्षीला घ्यावा. मराठी दफ्तरात वस्तीच्या नावाआधी लागणारे शब्द सजावटीचे नव्हते. "मौजे" म्हणजे शेतसाऱ्याचे गाव : पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, पांढरी आणि काळी. "कसबे" म्हणजे परगण्याचे मुख्य ठिकाण, जिथे बाजार भरतो, वतनदार आणि सरकारी अंमलदार बसतात. "पेठ" म्हणजे व्यापारी वस्ती, जिच्या कारभारात शेटे-महाजनांचा मान. गाव आणि शहर यांच्यामध्ये भाषेने निदान दोन पायऱ्या राखून ठेवल्या होत्या.

४/
या पायऱ्या डोकी मोजून ठरलेल्या नव्हत्या. कसबा ठरत असे तो त्याच्यावर अवलंबून असलेल्या गावांवरून. एखाद्या कसब्यात शेजारच्या मौजेपेक्षा घरे कमी असली तरी तो कसबाच राहत असे, कारण हिशेब तिथे होत, माल तिथे येई, तंटा तिथे नेला जाई. वस्तीची ओळख तिच्या आकारात नसून तिच्या कामात होती.

(जुन्या कसब्याचे स्वप्न रंगवण्याचे कारण नाही. त्याच कसब्याच्या वेशीबाहेर महारवाडा होता आणि त्याच बाजारात कोणी कुठे बसायचे हे जातीने ठरलेले होते. मुद्दा इतकाच की मधली पायरी अस्तित्वात होती आणि राज्यकर्त्यांना ती दिसत होती.)

५/
१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. कागदोपत्री नाव "हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स". १८६७ च्या नोव्हेंबरात, म्हणजे अखिल भारतीय जनगणनेच्या पहिल्या प्रयत्नापूर्वीच, वऱ्हाडात शिरगणती झाली. सुमारे २२ लाख माणसे मोजली गेली. आल्फ्रेड लायल या अधिकाऱ्याने १८७० मध्ये वऱ्हाडचे गॅझेटियर सिद्ध केले. मोजणीचे राज्य सुरू झाले ते असे. मोजणीला रकाने लागतात आणि रकान्याला मधल्या पायऱ्या अडचणीच्या होतात.

६/
१९०१ च्या जनगणनेत शहराची व्याख्या अशी होती : नगरपालिका, सिव्हिल लाइन्स, छावणी, आणि याखेरीज किमान ५,००० वस्तीची सलग घरांची अशी जागा, जिला प्रांताचा जनगणना अधीक्षक शहर मानील. त्याने लोकवस्तीचे स्वरूप, घरांची दाटी, व्यापारातील महत्त्व आणि ऐतिहासिक परंपरा हे सारे लक्षात घ्यावे अशी सूचना होती. केवळ फुगलेल्या खेड्यांना शहर म्हणू नये, असेही बजावलेले होते.

७/
आता याच व्याख्येची बुलढाण्यातली करामत पाहा. १९०१ मध्ये खुद्द बुलढाण्याची वस्ती होती सुमारे ४,१००. पाच हजारांची अट पुरी होत नव्हती. तरी बुलढाणा शहरांच्या यादीत होते, कारण तिथे जिल्ह्याचे मुख्यालय होते, साहेबाचा बंगला होता, कचेरी होती. जिथे शासन बसते ते शहर, हा अलिखित नियम पाच हजारांच्या लिखित नियमावर मात करून गेला. तो पुढे कधीच मावळला नाही, हे या धाग्यात पुढे येईलच.

८/
त्याच काळात आणखी एक रेघ ओढली गेली. जी.आय.पी. रेल्वेची मुख्य वाट घाटाखालून गेली : मलकापूर, नांदुरा, शेगाव. १८७० मध्ये खामगावच्या कापूसबाजारासाठी जलंबहून फाटा काढला गेला. जिनिंग, प्रेसिंग, अडत, सारे रुळांच्या कडेला वसले. घाटावरच्या चिखली-मेहकरच्या वाट्याला रूळ आलेच नाहीत. खामगाव-जालना रेल्वेची मागणी शतकाहून अधिक काळ मागणीच राहिली आहे. बुलढाणा जिल्ह्यातला माणूस आजही "घाटावर" आणि "घाटाखाली" अशी विभागणी करतो. ती नकाशावर दिसते आणि पोटापाण्यातही दिसते. शासनाच्या रकान्यात तिला जागा नाही.

९/
स्वातंत्र्यानंतर, १९६१ च्या जनगणनेसाठी, रजिस्ट्रार जनरल अशोक मित्र यांच्या काळात व्याख्या कडक झाली. नगरपालिका, छावणी इत्यादी वैधानिक शहरे आपोआप शहरे. इतर ठिकाणांसाठी तीन कसोट्या : किमान ५,००० लोकसंख्या, कामकरी पुरुषांपैकी किमान तीन चतुर्थांश बिगरशेती कामांत, आणि दर चौरस मैलास किमान १,००० माणसांची घनता. पुढे मैलांचे किलोमीटर झाले आणि घनता ४०० वर आली. बाकीची व्याख्या थोड्याफार फरकाने तीच आहे.

१०/
या बदलामागे वाईट हेतू नव्हता, हे आधी मान्य केले पाहिजे. अधीक्षकाच्या मर्जीवर शहर ठरणे ही अनागोंदी होती आणि प्रांताप्रांतांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नव्हते. नव्या कसोट्यांमुळे १९५१ ची ८०३ शहरे यादीतून बाहेर पडली. एका रात्रीत त्यांतील एकही दुकान बंद झाले नाही, एकही माणूस शेतावर परतला नाही. फक्त त्यांचा रकाना बदलला. मोजणीसाठी ही शिस्त योग्यच होती. दोष आहे तो त्या शिस्तीला वस्तुस्थिती समजण्यात, आणि त्या कसोट्यांच्या आत काय दडले आहे याची साठ वर्षांत फारशी चौकशी न करण्यात.

११/
पहिली कसोटी जी वऱ्हाडाला नडते ती घनतेची. घनता काढतात ती महसुली गावाच्या संपूर्ण क्षेत्रावर, म्हणजे गावठाण अधिक शिवार. दहा हजार वस्तीच्या गावाला ४०० ची घनता गाठायची तर त्याचे सगळे क्षेत्र २५ चौरस किलोमीटरांच्या, म्हणजे २,५०० हेक्टरांच्या आत हवे. काळ्या जमिनीच्या मुलखात जुन्या मोठ्या गावांची शिवारे ऐसपैस असतात. गावठाणात घराला घर लागून आहे, गल्लीतून बैलगाडी निघत नाही, सांडपाण्याला वाट नाही; पण भागाकार करताना कपाशीचे आणि सोयाबीनचे शेत मध्ये येते आणि दाटी कागदावर विरून जाते. गटारीची गरज गावठाणाला असते, हे गणिताला ठाऊक नसते.

१२/
दुसरी कसोटी पुरुषांची. गाव शहर आहे की नाही, हे तिथल्या फक्त पुरुषांच्या धंद्यावरून ठरते. जिथे निंदण-खुरपण आणि कापूसवेचणी बाईच्या हातांवर चालते, त्या मुलखातील वस्तीचे स्वरूप ठरवताना निम्मी वस्ती विचारातच घ्यायची नाही! समर्थक म्हणतील की स्त्रियांच्या कामाची नोंद नीट होत नाही, म्हणून पुरुषांचे आकडे अधिक भरवशाचे. मग नोंद सुधारावी. नोंद कच्ची आहे म्हणून माणूसच वगळायचा, हा न्याय कुठला?

१३/
शिवाय "शेती की बिगरशेती" हा प्रश्नच बाजाराच्या गावात फसवा आहे. सकाळी दुकान उघडणारा दुपारी शेतावर जातो. ट्रॅक्टर भाड्याने देणारा मृगात स्वतःच्या शेतात पेरतो. शिंपी, सुतार, किराणावाला, शिक्षक, यांच्यापैकी कितीजणांच्या नावावर दोन-चार एकर आहेत याची गणती केली, तर गाव आणि शहर यांतील सीमा एकेका माणसाच्या देहातून जाताना दिसेल. जनगणना त्याला एकच मुख्य काम विचारते. तो जे उत्तर देईल ते टक्केवारीत जमा होते. पंचाहत्तरच्या अलीकडे की पलीकडे, हे अशा उत्तरांवर ठरते.

१४/
जनगणनेची व्याख्या ही केवळ अर्धी गोष्ट. तिने शहर म्हटले तरी कारभार बदलत नाही. अशा ठिकाणांना "जनगणना शहर" म्हणतात : मोजताना शहर, चालवताना ग्रामपंचायत. २००१ मध्ये देशात अशी १,३६२ ठिकाणे होती. २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. एकट्या केरळात ९९ ची ४६१. ३१.१६ टक्क्यांमध्ये या सर्वांची माणसे धरलेली आहेत. म्हणजे देशाच्या "शहरीकरणा"चा मोठा वाटा अशा लोकांचा, ज्यांना नगरपालिका कधी मिळालीच नाही.

१५/
नगरपंचायत कोणाला मिळावी हे ठरते वेगळ्या कायद्याने. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २४३-क्यू आले. ग्रामीणातून नागरी होत असलेल्या क्षेत्राला "संक्रमणात्मक क्षेत्र" असे नाव मिळाले. लोकसंख्या, घनता, स्थानिक महसूल, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण, आर्थिक महत्त्व, यांचा विचार करून राज्यपालांनी ते अधिसूचित करायचे. विचार उत्तम होता. मधली पायरी पहिल्यांदाच घटनेत आली. पण पायरी किती उंच असावी हे राज्यांवर सोडले.

१६/
महाराष्ट्राने १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात कलम ३४१-अ घातले. नगरपंचायतीसाठी लोकसंख्या १०,००० ते २५,०००, बिगरशेती रोजगार किमान २५ टक्के, आणि ते ठिकाण एखाद्या महानगरपालिकेच्या किंवा 'अ' वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीपासून २५ किलोमीटरांच्या आत. नगरपरिषदेसाठी लोकसंख्या २५,००० आणि बिगरशेती रोजगार ३५ टक्के. लक्षात घ्या : दिल्लीची जनगणना ७५ म्हणते, मुंबईचा कायदा एका ठिकाणी ३५ आणि दुसऱ्या ठिकाणी २५ म्हणतो. एकाच वस्तीला तीन मापे.

१७/
त्या २५ किलोमीटरांच्या अटीवर थोडे थांबणे भाग आहे. तिच्यामागची कल्पना अशी दिसते की शहर हे मोठ्या शहराच्या कडेनेच उगवते, जसे मोठ्या झाडाच्या बुंध्याशी फुटवे. पुणे-ठाणे पट्ट्यात ते खरे असेल. वऱ्हाडच्या घाटावर नेमके उलटे घडते. अमडापूरपासून २५ किलोमीटरांच्या आत एकही महानगरपालिका नाही. अकोला त्याच्या कितीतरी पलीकडे आहे. मोठे शहर दूर आहे म्हणूनच अशा गावाचा बाजार वाढतो, म्हणूनच आसपासचे लोक तिथे येतात. ज्या कारणाने एखादे गाव कसबा बनते, तेच कारण कायद्याने अपात्रतेच्या बाजूला लिहिले आहे.

१८/
आणि अपवाद कोणाला? तालुक्याच्या मुख्यालयाला. २०१४ मध्ये राज्य शासनाने तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करण्याचे धोरण स्वीकारले. बुलढाणा जिल्ह्यात मोताळा आणि संग्रामपूर येथे नगरपंचायती झाल्या. त्यांना ती मिळाली याबद्दल कोणाचा आक्षेप नसावा. आक्षेप कसोटीवर आहे. तहसील कचेरी आली की शहर, न आली की खेडे. १९०१ चा बुलढाण्याचा तो अलिखित नियम आता रीतसर लिखित झाला. साहेबाच्या बंगल्याच्या जागी तहसीलदाराचे दालन आले, इतकाच फरक.

१९/
इतिहासप्रेमींनी सिंदखेड राजा आणि साखरखेर्डा ही जोडी पाहावी. पहिले लखुजी जाधवांचे, जिजाऊंचे जन्मस्थान. दुसरे १७२४ च्या त्या लढाईचे रणांगण, जिच्यात निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दक्खनची पुढली सव्वादोनशे वर्षे ठरली. दोन्ही जुनी, दोन्ही नामांकित. आज सिंदखेड राजा तालुक्याचे मुख्यालय आणि नगरपरिषद. साखरखेर्डा त्याच तालुक्यातले ग्रामपंचायतीचे गाव. १९०१ च्या व्याख्येत निदान "ऐतिहासिक परंपरा" हे शब्द तरी होते.

२०/
एका वस्तीला एकाच दिवशी किती ओळखी असू शकतात? रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत १०,००० च्या खाली "ग्रामीण", त्यावर एक लाखापर्यंत "निमशहरी". म्हणजे दहा हजार ओलांडलेल्या ग्रामपंचायतीच्या गावातली बँकशाखा निमशहरी आणि तिच्या शेजारचे घर ग्रामीण. १९६१ च्या आयकर कायद्याने शेतजमिनीसाठी तिसरेच माप लावले : दहा हजारांवरील वस्तीच्या नगरपालिकेपासून हवाई अंतर २ किलोमीटर, एक लाखावर ६, दहा लाखांवर ८. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात शहरी क्षेत्रातल्या जमिनीच्या बाजारभावाला १ ने गुणायचे, ग्रामीण क्षेत्रात १ ते २ मधल्या एखाद्या आकड्याने. गृह खात्याच्या दृष्टीने अमडापूर हे ठाण्याचे ठिकाण, ग्रामविकास खात्याच्या दृष्टीने ग्रामपंचायत, नगरविकास खात्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसलेले. जिथे ज्या खात्याची सोय, तिथे तशी व्याख्या.

२१/
या गोंधळाला पर्याय नव्हता असे म्हणणाऱ्यांसाठी एक विसरलेले पान. १९४८ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारने स्थानिक शासनाचा नवा कायदा केला. ही "जनपद योजना", तिचे कर्ते स्थानिक स्वराज्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र. जुनी जिल्हा मंडळे मोडून तालुक्यागणिक जनपद सभा स्थापन झाल्या. योजनेचा गाभा असा, की तालुक्यातला ग्रामीण आणि नागरी भाग एकाच सभेत प्रतिनिधी पाठवील. बाजाराचे गाव आणि त्या बाजारावर जगणारी खेडी एकमेकांसमोर बसून रस्ता, शाळा, दवाखाना ठरवतील. चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव, जळगाव या तालुक्यांचा तेव्हाचा बुलढाणा जिल्हा या प्रयोगाचा भाग होता.

२२/
प्रयोग निर्दोष नव्हता. पैसा तुटपुंजा होता आणि कारभाराची दोरी बऱ्याच अंशी महसूल खात्याच्या अधिकाऱ्याच्या हाती राहिली. तालुका हा घटक लहान की मोठा, यावर वाद झाले. पण तो मोडला गेला तो या दोषांची चिकित्सा करून नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद कायदा आला आणि १ मे १९६२ पासून सर्व राज्यात एकच साचा लागू झाला. जिल्हा परिषद ग्रामीणांची, नगरपरिषद शहरवासीयांची.

२३/
या साच्याचा परिणाम आजही रोज दिसतो. चिखली शहरातला मतदार जिल्हा परिषदेसाठी मत देत नाही. अमडापूरचा माणूस चिखलीच्या बाजारात, दवाखान्यात, महाविद्यालयात जातो, पण चिखलीच्या नगरपरिषदेत त्याला शब्द नाही. रस्ता एकच, हद्दीच्या दगडापाशी त्याचा मालक बदलतो आणि खड्डा कोणाचा यावर पत्रव्यवहार सुरू होतो. वऱ्हाडाने चौदा वर्षे वापरून पाहिलेली एक रचना महाराष्ट्राच्या शालेय इतिहासात एका ओळीचीही धनी नाही. पंचायत राज म्हटले की बलवंतराय मेहता समितीपासून सुरुवात करायची, हा रिवाज पडून गेला आहे.

२४/
१९४८ हेच वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर प्रखर टीका केली आणि संविधानाने खेड्याऐवजी व्यक्तीला घटक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींविषयीचे अनुच्छेद ४० स्वीकारले गेले. हा वाद सहसा "गांधी विरुद्ध आंबेडकर" अशा चौकटीत सांगितला जातो. त्यात एक गोष्ट हरवते. दोन्ही बाजू ज्या "खेड्या"विषयी बोलत होत्या त्याची सीमा कुठे संपते, हा प्रश्न त्या वादात बाजूलाच राहिला. पुढची सर्व धोरणे त्या न आखलेल्या सीमेवर उभी राहिली.

२५/
"मग अमडापूरला नगरपंचायत देऊन टाका" हे झटपट उत्तर. ते देण्याआधी हिशेब मांडावा. ग्रामपंचायतीत ग्रामसभा असते. गावातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य, आणि तो सरपंचाला हिशेब विचारू शकतो. नगरपंचायत झाली की सतरा नगरसेवक येतात आणि ग्रामसभा जाते. नागरी बाजूला घटनेने प्रभाग समिती अनिवार्य केली ती तीन लाखांवरील शहरांनाच. म्हणजे दहा-पंधरा हजारांच्या गावाला शहर होताच, थेट विचारण्याचा त्याचा हक्क संपतो.

२६/
दुसरी किंमत मजुराची. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने ग्रामीण क्षेत्राची व्याख्या केली ती अशी : नागरी स्थानिक संस्था किंवा छावणी मंडळ जिथे नाही ते. अधिसूचना निघताच शेतमजूर बाई कायद्याच्या लेखी शहरी झाली आणि तिचा कामावरचा हक्क गेला. तिच्या हातातले खुरपे तसेच राहिले. इथेही महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास अधिक शहाणा होता. १९७७ चा राज्याचा रोजगार हमी कायदा, ज्याच्यामागे वि. स. पागे यांचा विचार आणि १९७२ च्या दुष्काळाचा अनुभव होता, ग्रामीण भागासोबत 'क' वर्ग नगरपरिषदांनाही लागू होता. लहान शहरात शेतमजूर राहतात, हे तेव्हाच्या विधिमंडळाला माहीत होते.

२७/
म्हणूनच लोक कधी शहर मागतात, कधी गाव. तामिळनाडूने २००४ मध्ये साडेपाचशेहून अधिक नगरपंचायतींना ग्रामपंचायतींचा दर्जा दिला, कारण ग्रामीण योजनांचा पैसा हवा होता. २००६ मध्ये तो निर्णय फिरवला. कल्याण-डोंबिवलीची २७ गावे १९८३ ला महापालिकेत गेली, २००२ ला बाहेर आली, २०१५ ला पुन्हा आत. या लोकांना संधिसाधू म्हणणे सोपे आहे. ज्या व्यवस्थेत एका शब्दाने करपट्टी, मजुरी, घरकुल आणि जमिनीचा मोबदला बदलतो, तिथे शब्दासाठी भांडणे हा शहाणपणाच.

२८/
जगातही या मापांची एकवाक्यता नाही. डेन्मार्क २०० माणसांच्या सलग वस्तीला नागरी मानतो. अमेरिकेच्या जनगणनेने दीर्घकाळ २,५०० ची मर्यादा ठेवली आणि २०२० साठी ती ५,००० केली. जपानमध्ये शहराचा दर्जा मिळण्याची सर्वसाधारण अट ५०,००० ची. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२० मध्ये तुलनेसाठी जी पद्धत पुरस्कारली, तिच्यात शहर आणि ग्रामीण यांच्यामध्ये लहान नगरे व निमदाट वस्ती असा तिसरा वर्ग आहे. तीन वर्ग. मौजे, कसबे, शहर.

२९/
भारतालाही ही जाणीव अधूनमधून होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये "रर्बन मिशन" सुरू झाले, देशभर ३०० गावसमूह निवडण्याचे ठरले. पण ती योजना होती, दर्जा नव्हता. योजना संपते तेव्हा फलक उरतो. कसब्याला हवा आहे तो कायद्यातला स्वतंत्र वर्ग : नळ, गटार, घनकचरा आणि नगररचना यांची नागरी जबाबदारी व निधी, सोबत ग्रामसभा आणि रोजगाराची हमी कायम, आणि भोवतालच्या गावांना त्याच्या कारभारात काही आवाज. कसोटी लोकसंख्येची एकटी नको. किती गावे तिथे बाजाराला, शाळेला, ठाण्याला, दवाखान्याला येतात, हे मोजणे एस.टी.च्या फेऱ्या आणि बाजाराच्या पावत्या असलेल्या राज्याला अवघड नाही. तुलनेसाठी जनगणनेने आपली जुनी व्याख्या खुशाल ठेवावी. धोरणाने तिच्या किंवा तहसील कचेरीच्या आड लपू नये.

३०/
एक तांत्रिक बाब उरते. घटनेच्या भाग नऊ आणि नऊ-अ मध्ये "लोकसंख्या" म्हणजे ज्या शेवटच्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले तिची लोकसंख्या. २०२१ ची जनगणना झाली नाही. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे येईपर्यंत कायद्याच्या दृष्टीने अमडापूरमध्ये तितकीच माणसे राहतात जितकी २०११ मध्ये राहत होती. त्यानंतर जन्मलेली मुले आता आठवी-नववीत आहेत.

३१/
आणि जनगणना शहरांची यादी प्रगणक दारात येण्याआधीच तयार करावी लागते, मागच्या जनगणनेच्या आकड्यांवरून. २०११ साठी ती २००१ च्या आकड्यांवरून केली होती. तेव्हा चार हजारांवरील गावे तपासली गेली. तीच रीत राहिली तर २०२७ मध्ये अमडापूरच्या प्रपत्रावर "ग्रामीण" छापले जाईल की "नागरी", हे ठरेल फेब्रुवारी २०११ मध्ये इथल्या पुरुषांनी दारात उभे राहून आपले मुख्य काम कोणते सांगितले होते, यावर. त्या महिन्यात हरभरा काढणीला आलेला असतो.